बहुअंकी भागाकार

बहुअंकी भागाकार म्हणजे ज्या संख्यांच्या अंकसंख्येला आधीपासून ठरलेली मर्यादा नाही, अशा संख्यांचा भागाकार. संगणकाचा प्रक्रियक एका वेळी साधारणतः ६४ द्विमान अंकांची, म्हणजे दशमान पद्धतीत एकोणीस-वीस अंकांची संख्या हाताळतो. त्याहून मोठी संख्या तुकडे करून साठवावी लागते आणि तिच्यावरील प्रत्येक क्रिया आज्ञावलीच्या साहाय्याने तुकड्यातुकड्याने करावी लागते. बेरीज आणि वजाबाकी यांना अंकांच्या प्रमाणात वेळ लागतो. गुणाकार अधिक खर्चिक असतो, पण त्याची वाट सरळ आहे. भागाकाराची तशी नाही. त्यात फलाचा प्रत्येक अंक आधी अंदाजाने धरावा लागतो, मग तो पडताळावा लागतो, आणि चुकला तर मागे यावे लागते. म्हणून चार मूलक्रियांपैकी अचूकता आणि वेग यांच्यातील ओढाताण सर्वांत ठळकपणे भागाकारातच दिसते.

हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मलेला नाही. तेरा अंकी भाजकाने तेवीस अंकी भाज्यास भागण्याची वेळ बाराव्या शतकातील ज्योतिर्गणितावर येत असे, आणि सोळाव्या शतकात कोकणातील गणेश दैवज्ञ यांनी तिच्यातून काढलेला मार्ग आजच्या पद्धतींशी बराच जुळतो.

शालेय रीत आणि तिचा खर्च

शाळेत शिकवली जाणारी भागाकाराची रीत पूर्णतः अचूक आहे. भाज्याच्या डावीकडून पुरेसे अंक घ्यायचे, भाजक त्यात किती वेळा जातो हे ठरवायचे, गुणाकार वजा करायचा, पुढचा अंक खाली घ्यायचा. प्रत्येक पायरीवर बाकी पूर्ण ठेवली जाते, काहीही गाळले जात नाही, त्यामुळे शेवटी फल आणि बाकी दोन्ही निःसंदिग्ध मिळतात.

अडचण श्रमाची आहे. १,००० अंकी संख्येला ५०० अंकी संख्येने भागताना फलात सुमारे ५०० अंक येतात, आणि त्यांपैकी प्रत्येकासाठी भाजकाच्या ५०० अंकांना गुणावे लागते. म्हणजे अंकाअंकांचे सुमारे २,५०,००० गुणाकार झाले. दोन्ही संख्यांची लांबी दुप्पट केली की हे गुणाकार १०,००,००० होतात. लांबी दुप्पट, तर श्रम चौपट. काही शे अंकांपर्यंत हे चालून जाते, पण लाखो अंकांच्या संख्येपुढे ही रीत थकते.

दुसरी अडचण अंदाजाची. ‘भाजक किती वेळा जातो’ हे पाहणाऱ्याला डोळ्यांनी जमते, यंत्राला त्याचा नियम द्यावा लागतो. सर्वांत सोपा नियम म्हणजे दोन्ही संख्यांचे केवळ आघाडीचे अंक पाहणे. पण १,००० ला १९९ ने भागताना आघाडीच्या अंकांवरून १० भागिले १, म्हणजे किमान ९ असा अंदाज येतो. खरे फल ५ आहे. चार वेळा मागे यावे लागते. १९९ ला मनातल्या मनात २०० समजणारा विद्यार्थी ही चूक करत नाही, कारण तो केवळ पहिला अंक पाहत नाही.

यंत्रासाठी यावर डोनाल्ड नूथ यांनी ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात (१९६९) सविस्तर मांडलेला उपाय असा : भाज्य आणि भाजक दोघांनाही एकाच लहान संख्येने गुणून भाजकाचा पहिला अंक मोठा करून घ्यावा. दशमान पद्धतीत तो ५ किंवा त्याहून मोठा असावा. वरील उदाहरणात दोघांना ५ ने गुणले की भाज्य ५,००० आणि भाजक ९९५ होतो. आता ५० भागिले ९ यावरून ५ हा अंदाज येतो आणि तो बरोबर आहे. बाकी २५ उरते, तिला ५ ने भागले की मूळ बाकी ५ मिळते. फल बदलत नाही, कारण दोन्ही संख्या एकाच पटीत वाढल्या. असे केल्यानंतर अंदाज खऱ्या अंकाहून कधीच लहान येत नाही आणि मोठा आला तर जास्तीत जास्त दोनाने, हे सिद्ध करता येते.

या सिद्धतेचे महत्त्व अंदाज सुधारण्यापुरते नाही. अंदाज चुकणार, हे तिने गृहीतच धरले आहे. चूक किती मोठी असू शकते याची हमी मात्र तिने दिली, आणि ती दुरुस्त करण्याचा खर्च दोन वजाबाक्यांपुरता बांधून टाकला. पुढील सर्व वेगवान रीती याच कल्पनेवर उभ्या आहेत.

सिद्धान्तग्रंथांतील भागाकार

भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ या ग्रंथात (शके १०७२, इ.स. ११५०) ग्रहांची मध्यम स्थिती काढण्याची रीत तत्त्वतः एका त्रैराशिकाची आहे. एका कल्पात १५,७७,९१,६४,५०,००० सावन दिवस असतात, आणि तेवढ्या काळात चंद्राच्या ५७,७५,३३,००,००० प्रदक्षिणा होतात. कल्पारंभापासून इष्ट दिवसापर्यंत लोटलेल्या दिवसांना ‘अहर्गण’ म्हणतात. अहर्गणाला चंद्राच्या प्रदक्षिणांनी गुणून कल्पाच्या दिवसांनी भागले की चंद्राच्या आजवरच्या प्रदक्षिणा मिळतात.

कलियुगाच्या आरंभीच हा अहर्गण ७,२०,६३,४४,४२,७१५ इतका, म्हणजे बारा अंकी झालेला होता. त्याला अकरा अंकी संख्येने गुणले की गुणाकार तेवीस अंकी होतो, आणि त्याला तेरा अंकी भाजकाने भागायचे. हे सर्व धूळ पसरलेल्या पाटीवर, मागचे अंक पुसत पुढचे लिहीत. मधला एक अंक चुकला तर तो शोधण्यासाठी मागे काही शिल्लक नसे.

या भागाकारात एक गंमत आहे. फल म्हणून येणारी अकरा अंकी संख्या, म्हणजे पूर्ण झालेल्या प्रदक्षिणा, पंचांगकर्त्याला नकोच असते. चंद्राने आजवर किती फेऱ्या मारल्या याच्याशी आजच्या तिथीचा संबंध नाही. त्याला हवी असते बाकी. तीच १२ ने गुणून भागली की राशी, उरलेली ३० ने गुणून भागली की अंश, मग ६० ने कला. सगळे श्रम फलासाठी, आणि ते फल शेवटी टाकून द्यायचे.

‘लीलावती’त भागाकाराच्या प्रकरणात भास्कराचार्यांनी एक सूचना केली आहे : शक्य असेल तेथे भाज्य-भाजकांना समान संख्येने छेद देऊन मग भागावे. याला अपवर्तन म्हणतात. वरील दोन संख्यांना ते लावले तर परिणाम डोळ्यांत भरणारा आहे. दोहोंतील सर्व समान अवयव काढून टाकल्यावर चंद्राच्या प्रदक्षिणा आणि दिवस यांचे गुणोत्तर ३५,००२ भागिले ९,५६,३१३ इतके उरते. तेरा अंकी भाजक सहा अंकी झाला आणि अचूकतेतील एक कणही गमावला नाही. सूर्याच्या बाबतीत ४,३२,००,००,००० प्रदक्षिणांचे गुणोत्तर ३,२०० भागिले ११,६८,८२७ असे होते.

याचा आणखी एक फायदा होतो. ९,५६,३१३ दिवसांत चंद्राच्या प्रदक्षिणा नेमक्या पूर्ण होतात, तेव्हा बारा अंकी अहर्गणातून तेवढ्या दिवसांची आवर्तने आधीच काढून टाकता येतात. उरणारी संख्या सहा अंकांहून मोठी असूच शकत नाही. नको असलेले फल आधीच गाळायचे आणि बाकीपुरतेच गणित करायचे, ही युक्ती आजच्या गुप्तलेखनशास्त्राचा पाया आहे. तिच्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याचा शिलालेख जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटणे येथे आहे.

ग्रहलाघवाची तडजोड

अपवर्तनाने संख्या लहान झाल्या तरी सहा अंकी भाजक राहिलाच. गणेश दैवज्ञ यांच्या ‘ग्रहलाघव’ या करणग्रंथाने तोही हटवला. गणेश हे रायगड जिल्ह्यातील मुरूडजवळच्या नांदगावचे. त्यांचे वडील केशव दैवज्ञ हे स्वतः ग्रहवेध घेणारे ज्योतिषी होते. ग्रहलाघवाचा आरंभकाळ शके १४४२ (इ.स. १५२०) आहे. नावातच ‘लाघव’ आहे आणि ते सार्थ आहे. संपूर्ण ग्रंथात ज्या-चाप, म्हणजे आजच्या भाषेत त्रिकोणमितीय कोष्टके, वापरलेली नाहीत. लीलावतीवरील ‘बुद्धिविलासिनी’ ही टीकाही याच लेखकाची आहे.

ग्रहलाघवातील पहिली युक्ती अहर्गणाची. कल्पारंभापासून किंवा कलियुगारंभापासून दिवस मोजण्याऐवजी गणेशांनी आरंभवर्षापासून अकरा-अकरा वर्षांची ‘चक्रे’ कल्पिली. एका चक्रात ४,०१६ दिवस. त्यामुळे गणितात येणारा अहर्गण चार अंकांच्या पुढे जात नाही. प्रत्येक चक्रात ग्रहाची स्थिती जितकी सरकते तितका एक स्थिरांक, ‘ध्रुवक’, ग्रहाग्रहासाठी दिलेला आहे. चंद्राचा ध्रुवक ३ अंश ४६ कला ११ विकला आहे; जितकी चक्रे लोटली तितक्या वेळा तो वजा करायचा.

दुसरी युक्ती भाजकाची. चंद्राचे मध्यम अंश काढण्यासाठी चक्रातील दिवसांना १४ ने गुणावे, आलेल्या संख्येतून तिचाच सतरावा भाग वजा करावा, आणि दिवसांना १४० ने भागून येतील तितक्या कला आणखी वजा कराव्यात. सूर्यासाठी दिवसांतून त्यांचाच सत्तरावा भाग आणि दिवसांना १५० ने भागून येणाऱ्या कला वजा कराव्यात. भाजक आता १७, १४०, ७०, १५०. ज्याला पाढे येतात त्याला हा भागाकार येतो.

अचूकता किती गेली, हे मोजता येते. चंद्रासाठी गणेशांनी आधाराला घेतलेल्या सूर्यसिद्धान्तात ४,३२०,००० वर्षांच्या महायुगात १,५७,७९,१७,८२८ दिवस आणि चंद्राच्या ५,७७,५३,३३६ प्रदक्षिणा आहेत. त्यावरून चंद्राची दैनिक गती १३.१७६३५२१ अंश येते. ग्रहलाघवाच्या सूत्राने ती १३.१७६३५१५ अंश येते. १,००० दिवसांसाठी पूर्ण भागाकार १३,१७६.३५२१ अंश देतो, तर लघुसूत्र १३,१७६.३५१५ अंश. अंतर दोन विकलांच्या आसपास. चक्राच्या अखेरीस, ४,०१६ व्या दिवशी, ते चंद्रासाठी सुमारे ९ विकला आणि सूर्यासाठी उलट दिशेने सुमारे साडेसात विकला होते. दोन्ही मिळून तिथी संपण्याच्या वेळेत अर्ध्या मिनिटाचा फरक पडतो. पळांत सांगायचे तर दीड पळाच्या आत.

आणि चक्र संपले की ही चूकही संपते. ती पुढच्या चक्रात साठत जात नाही, याचे कारण ध्रुवक लघुसूत्रावरून काढलेला नाही. ४,०१६ दिवसांना सूर्यसिद्धान्ताच्या पूर्ण गुणोत्तराने गुणून पाहिले असता चंद्र पूर्ण प्रदक्षिणेला ३ अंश ४६ कला ११ विकलांनीच कमी पडतो. म्हणजे दीर्घकालीन चाल अचूक स्थिरांकावर सोपवली आहे आणि रोजचे गणित ओबडधोबड पण चटकन होणाऱ्या सूत्रावर. ओबडधोबडपणाला चार अंकी दिवसांचे कुंपण घातले आहे. नूथ यांच्या रीतीत अंदाजाची चूक दोनपर्यंत बांधून ठेवली जाते, येथे ती ९ विकलांपर्यंत.

या विकलांची किंमत काय होती, याचे उत्तरही ग्रंथातच आहे. वेधाशी मेळ बसावा म्हणून गणेशांनी सूर्यसिद्धान्ताच्या चंद्रातून सरळ ९ कला कमी केल्या. ९ कला म्हणजे ५४० विकला. आधारभूत आकड्यातच जेथे ५४० विकलांचा फरक दिसत होता, तेथे भागाकारातील ९ विकलांसाठी सहा अंकी भाजकाशी झुंजणे व्यर्थ होते. ग्रहलाघव ‘स्थूल’ असल्याचा आक्षेप पुढे अनेकदा घेतला गेला. मध्यम ग्रहांच्या भागाकारापुरता तरी तो रास्त नाही.

पुढील तीन शतके महाराष्ट्रातील पंचांगे बहुतांशी याच ग्रंथावरून होत राहिली. एकोणिसाव्या शतकात त्यांचे गणित आकाशाशी जुळेनासे झाले, तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांनी पाश्चात्त्य साधनांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ (१८६०) रचली, आणि पंचांगशोधनाची चळवळ लोकमान्य टिळकांपर्यंत पोहोचली. मात्र तो बिघाड भागाकाराच्या लाघवाने झालेला नव्हता. सूर्यसिद्धान्ताचे वर्ष नाक्षत्र वर्षाहून सुमारे साडेतीन मिनिटांनी मोठे आहे, त्यामुळे सूर्य दरवर्षी साडेआठ विकलांच्या हिशेबाने मागे पडत जातो. शिवाय चंद्रगतीतील अनेक विषमता जुन्या मांडणीत नव्हत्या. तेवीस अंकी भाज्य शेवटच्या अंकापर्यंत भागले असते तरी ही चूक जशीच्या तशी राहिली असती. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ (१८९६) या ग्रंथात या साऱ्या परंपरेचे विवेचन आहे.

व्यस्त संख्येची रीत

लाखो अंकांच्या भागाकारासाठी आज वापरली जाणारी रीत भागाकार टाळूनच भागाकार करते. भाजकाची व्यस्त संख्या, म्हणजे १ भागिले भाजक, काढायची आणि तिने भाज्याला गुणायचे. व्यस्त संख्या काढायला मात्र न्यूटन यांच्या नावाने ओळखली जाणारी पुनरावृत्तीची पद्धत वापरतात. हातातील अंदाजाला भाजकाने गुणावे, तो गुणाकार २ मधून वजा करावा, आणि उरलेल्या संख्येने अंदाजाला गुणावे. हा नवा अंदाज झाला.

७ ची व्यस्त संख्या काढू. पहिला अंदाज ०.१४ धरला. सात गुणिले ०.१४ म्हणजे ०.९८, २ मधून वजा करता १.०२, म्हणून नवा अंदाज ०.१४२८. पुन्हा तीच क्रिया केली की ०.१४२८५७१२, आणि आणखी एकदा केली की ०.१४२८५७१४२८५७१३९२. खरी किंमत ०.१४२८५७१४२८५७१४२८... आहे. प्रत्येक अंदाजाला ७ ने गुणून तो १ पासून किती दूर राहिला ते पाहिले तर ०.०२, ०.०००४, ०.००००००१६ असे आकडे मिळतात. प्रत्येक चूक आधीच्या चुकीचा वर्ग आहे. म्हणून बरोबर अंकांची संख्या दर फेरीला दुप्पट होते. शालेय रीत दर पायरीला एक अंक देते. ही रीत दोन, चार, आठ, सोळा अशी चढते. दहा लाख अंकांसाठी वीसच्या आसपास फेऱ्या पुरतात.

तरीही प्रत्येक फेरी पूर्ण दहा लाख अंकांत केली तर बराच वेळ वाया जाईल. येथे या पद्धतीचा दुसरा गुण उपयोगी पडतो : आधीच्या फेरीत अंक छाटल्यामुळे झालेली लहान चूक पुढची फेरी आपणच भरून काढते. त्यामुळे जेव्हा आठच अंक बरोबर यायचे असतील तेव्हा आठ-दहा अंकांतच गणित करावे, पुढच्या फेरीत सोळा-अठरा, असे वाढवत जावे. शेवटच्या फेरीला जितके श्रम, त्याआधीच्या फेरीला त्याच्या फार तर निम्मे, त्याआधीच्या फेरीला पाव. सर्वांची बेरीज शेवटच्या फेरीच्या दुपटीहून कमी भरते. लवकरच्या फेऱ्यांत अचूकतेची उधळपट्टी न करणे, यातच या रीतीचा वेग आहे.

अशा प्रकारे भागाकाराचा खर्च गुणाकाराच्या ठरावीक पटीत येऊन बसतो, आणि गुणाकाराच्या वेगवान रीती उपलब्ध आहेत. अनातोली कारात्सुबा यांची रीत १९६२ साली, तर आर्नोल्ड श्योनहागे आणि फोल्कर श्ट्रासेन यांची १९७१ साली प्रसिद्ध झाली.

शेवटचा अंक आणि बाकी

व्यस्त संख्येच्या रीतीची कमतरता अगदी टोकाला दिसते. २१ ला ७ ने भागायचे आहे. व्यस्त संख्या ०.१४२८५७ इथपर्यंत घेतली आणि २१ ने गुणले, तर २.९९९९९७ मिळते. पूर्णांक भाग २. उत्तर चुकले! आणखी अंक घेऊन भागत नाही, २.९९९९९९९९९९९७ मिळेल आणि पूर्णांक भाग २ च राहील. नेमके ३ आणि ३ हून किंचित कमी यांत केवळ अंदाज कितीही सूक्ष्म केला तरी भेद करता येत नाही.

तो भेद बाकी करते. फल २ मानून बाकी काढली तर २१ वजा १४, म्हणजे ७ येते. बाकी भाजकाहून लहान असली पाहिजे. ७ ही ७ हून लहान नाही. म्हणून फलात १ मिळवायचा. भाजक गुणिले फल अधिक बाकी बरोबर भाज्य, आणि बाकी शून्य ते भाजक यांच्या मध्ये : ही दोन वाक्ये खरी ठरली की फल कोणत्या मार्गाने मिळाले याला महत्त्व उरत नाही. अंदाज तर्काने काढला, कोष्टकातून उचलला की व्यस्त संख्येने आणला, हे विचारण्याचे कारण नाही. गुणाकाराच्या पडताळ्यासाठी भारतीय गणितात जुन्या काळापासून माहीत असलेली नवशेषाची कसोटी (अंकांच्या बेरजेला ९ ने भागून उरणारी बाकी ताडून पाहणे) भागाकारालाही लावता येते; ती चटकन होते, पण अंकांची अदलाबदल तिला कळत नाही.

ही पडताळणी फुकट नसते. बाकी काढायला आणखी एक मोठा गुणाकार लागतो. म्हणून दशांश उत्तर हवे असते तेव्हा तीन-चार अंक जास्तीचे काढतात. त्यांना संरक्षक अंक म्हणता येईल. समजा तीन अंक जास्त काढले आणि शेवटच्या अंकात एकाने चूक असू शकते. जास्तीचे अंक ४२७ असे काही आले, तर एकाच्या चुकीने आधीच्या अंकांना धक्का बसत नाही. ते छाटून टाकावेत. मात्र ००० किंवा ९९९ आले तर शंका उरते, आणि तेवढ्याच वेळी बाकी काढून निवाडा करावा. हजारांत दोन वेळा हा प्रसंग येतो. बाकीच्या ९९८ वेळा तो गुणाकार वाचतो, आणि उत्तर मात्र एकदाही चुकत नाही. वेगासाठी अचूकता सोडावी लागते असे सर्रास म्हटले जाते. येथे तसे काहीच सोडलेले नाही.

बाकीलाच महत्त्व देणारा भागाकार गुप्तलेखनात येतो. आरएसए या पद्धतीत सामान्यतः ६१७ दशमान अंकांच्या भाजकाने पुन्हा पुन्हा भागून बाकी ठेवावी लागते. अहर्गणातील प्रदक्षिणांप्रमाणे येथेही फल टाकून द्यायचे असते. भाजक तोच राहत असल्याने त्याची व्यस्त संख्या एकदाच काढून ठेवण्याची रीत पॉल बॅरेट यांनी १९८६ साली दिली, आणि तिच्यातही अंदाज चुकल्यास भाजक फार तर दोन वेळा वजा करून भागते. पीटर मॉन्टगोमेरी यांच्या १९८५ च्या रीतीत तर मूळ भाजकाने भागण्याचा प्रसंगच येत नाही.

याउलट शालेय रीतीचे काही गुण वेगवान रीतींत हरवतात. देवळालीचे शाळाशिक्षक आणि गणितज्ञ दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी आवर्ती दशांशांच्या चक्रांचा अभ्यास केला होता. १ ला ७ ने शालेय रीतीने भागताना ३, २, ६, ४, ५, १ अशा बाक्या क्रमाने येतात. १ पुन्हा आला की १४२८५७ हे चक्र सुरू होते. अंक का फिरतात ते बाक्यांच्या या माळेत दिसते. व्यस्त संख्येची रीत अंक भराभर देते, माळ देत नाही.

पेंटियमची चूक

अंदाजाची चूक ठरलेल्या कुंपणाबाहेर गेली तर काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण १९९४ चे आहे. मराठी शाळांत एकेकाळी पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी पाठ करून घेत, ते बाजारात गणित करत बसावे लागू नये म्हणून. इंटेल कंपनीच्या पेंटियम प्रक्रियकात भागाकाराला असेच तयार कोष्टक दिलेले होते. भाजकाचे आणि उरलेल्या बाकीचे आघाडीचे काही अंक पाहून फलाचा पुढचा अंक कोष्टकातून उचलायचा. हा अंक थोडा चुकीचा असला तरी चालतो, कारण फलात ऋण अंकही घेता येतात आणि पुढचा अंक मागची चूक सांभाळून घेतो. मात्र चूक मर्यादेत असेल तोवरच. कोष्टकातील १,०६६ नोंदींपैकी पाच नोंदी प्रक्रियकात उतरल्याच नाहीत, आणि त्या जागी शून्य वाचले जाऊ लागले. शून्याची चूक सांभाळता येण्यापलीकडची होती.

अमेरिकेतील लिंचबर्ग महाविद्यालयाचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत असताना उत्तरे जुळेनात, आणि कसून तपास केल्यावर दोष प्रक्रियकातच सापडला. ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागले असता १.३३३८२ यायला हवे, पेंटियम १.३३३७४ देत असे. आलेल्या फलाला भाजकाने गुणून भाज्यातून वजा केले की शून्याऐवजी २५६ उरत. प्रक्रियकातील भागाकार वेगासाठी हा पडताळा करत नाही. तो करणाऱ्या माणसाला चूक दिसली. सदोष प्रक्रियक बदलून देण्यासाठी इंटेलला सुमारे ४७.५ कोटी डॉलरांची तरतूद करावी लागली.

प्रचलित वापर

प्रत्यक्षात कोणतीही एकच रीत सर्वत्र वापरत नाहीत. व्यस्त संख्येच्या रीतीची पूर्वतयारी बरीच असते, त्यामुळे लहान संख्यांना शालेय रीतच झपाट्याने भागते. १९९१ पासून विकसित होत असलेला जीएमपी हा मुक्त आज्ञावलीसंग्रह संख्येची लांबी पाहून रीत निवडतो : आधी शालेय, मग संख्येचे दोन भाग करत जाणारी, आणि फार मोठ्या संख्यांना व्यस्ताची. कोठे एक सोडून दुसरी धरायची हे प्रत्येक प्रकारच्या यंत्रावर मोजून ठरवले जाते.

पायथन या भाषेत पूर्णांकांना लांबीची मर्यादा नाही, आणि तिचा भागाकार मुख्यतः नूथ यांच्या रीतीवर चालतो. संगणक संख्या द्विमान रूपात ठेवतो. ती दशमान अंकांत दाखवायची किंवा दशमान अंकांवरून वाचायची तर लांबी दुप्पट झाली की श्रम चौपट होतात. कोणी एखाद्या संकेतस्थळाला मुद्दाम लाखो अंकांची संख्या धाडली तर सेवायंत्र तिच्यातच अडकून पडू शकते. या धोक्यामुळे सप्टेंबर २०२२ मध्ये पायथनच्या विकासकांनी अशा रूपांतरावर ४,३०० अंकांची मर्यादा घातली. जाणीवपूर्वक मोठे गणित करणाऱ्यास ती वाढवता किंवा काढून टाकता येते. पुढे ३.१२ या आवृत्तीत अतिशय मोठ्या संख्यांसाठी अधिक वेगवान भागाकार व रूपांतर समाविष्ट करण्यात आले, परंतु ४,३०० अंकांची मर्यादा कायम ठेवण्यात आली.